वटवाघळाचा ‘सेन्सर’ शोधणारा माणूस: लाझारो स्पालानझानी

गाडी रिव्हर्स घेताना मागे भिंत आली की टूं-टूं वाजतं. बंपरमधला सेन्सर आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतो, तो भिंतीवर आपटून परत येतो आणि किती वेळात परत आला यावरून अंतर काढलं जातं. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर. म्हणजे भिंत १.७ मीटरवर असेल तर प्रतिध्वनी १० मिलिसेकंदांत परत. वटवाघूळ अंधारात नेमकं हेच करतं, हे आज शाळेतल्या मुलालाही माहीत असतं.

पण आवाज मोजायचं कुठलंही यंत्र नसताना, २३० वर्षांपूर्वी, यातलं अर्धं उत्तर एका माणसाने काढलं होतं. त्याचं नाव लाझारो स्पालानझानी. मी रोज कोडमधले बग शोधतो, म्हणून मला तो फार जवळचा वाटतो.

वकील व्हायला निघालेला शास्त्रज्ञ

स्पालानझानीचा जन्म १७२९ चा, उत्तर इटलीतल्या स्कांदियानो गावातला. बोलोन्याला तो कायदा शिकायला गेला. तिथे त्याच्या नात्यातल्या लॉरा बास्सी भौतिकशास्त्र शिकवायच्या. त्या काळात विद्यापीठात शिकवणारी बाई म्हणजे अगदी दुर्मीळ गोष्ट! त्यांच्या प्रभावाने तो विज्ञानाकडे वळला. पुढे धर्मगुरूची दीक्षाही घेतली, पण आयुष्य गेलं ते प्रयोगांत. रेज्जो आणि मोदेना इथे शिकवून १७६९ मध्ये तो पाव्हिया विद्यापीठात आला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला.

त्याची सवय एकच: लोक जे गृहीत धरतात ते तपासून बघायचं. सूक्ष्मजीव आपोआप तयार होतात असं तेव्हा अनेकजण मानायचे. याने सूप बाटलीत सीलबंद करून खूप वेळ उकळलं आणि त्यात काही उगवत नाही हे दाखवलं. पोटात अन्न पचतं कसं हे बघायला तर कापडाच्या छोट्या पिशव्यांत अन्न भरून त्या स्वतःच गिळल्या.

एकेक इनपुट बंद करून बघू

१७९३ साली, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, त्याला वटवाघळाचा प्रश्न पडला. खोलीतली मेणबत्ती विझली की त्याचं घुबड भिंतींवर धडकायचं. वटवाघूळ मात्र त्याच अंधारात आरामात उडायचं. मग त्याने वटवाघळांचे डोळे कायमचे निकामी केले, तरी ती खोलीत टांगलेले दोरे चुकवत उडत राहिली. पाव्हियाच्या कॅथेड्रलच्या घंटाघरातली आंधळी केलेली वटवाघळं त्याने सोडून दिली. काही दिवसांनी त्यातली काही पुन्हा पकडली, तर त्यांची पोटं किड्यांनी भरलेली! म्हणजे शिकारसुद्धा डोळ्यांशिवाय व्यवस्थित चालू होती. (आपल्याकडे वडा-पिंपळावर लटकणारी मोठी फळखाऊ वटवाघळं डोळ्यांवर उडतात. ही गोष्ट छोट्या, किडे खाणाऱ्या वटवाघळांची आहे.)

हे प्रयोग क्रूर होते. वाचताना अंगावर काटा येतो आणि तो यावाच. आज असं करायला कुणी परवानगी देणार नाही.

पण पद्धत बघा. डोळे नाहीत, मग स्पर्श? अंगाला वार्निश फासलं, तरी उडतं. वास? चव? तेही बंद करून बघितलं, काही फरक नाही. ॲप अडकलं की आपण एकेक सर्व्हिस बंद करत जातो, तसंच हे. सगळं बंद करूनही चालू राहतंय म्हटल्यावर त्याला वाटू लागलं, की वटवाघळाला माणसाकडे नसलेलं एखादं सहावं इंद्रिय असावं.

त्याने हे सगळं पत्रांतून इतर अभ्यासकांना कळवलं. जिनिव्हातल्या लुई ज्युरीन नावाच्या सर्जनने ते प्रयोग करून बघितले आणि एक पाऊल पुढे जाऊन वटवाघळांचे कान घट्ट बंद केले. वटवाघळं धडाधड आपटू लागली.

माझ्या मते स्पालानझानीचा मोठेपणा इथे दिसतो. सहावं इंद्रिय ही त्याची स्वतःची कल्पना होती आणि ती खरी ठरली असती तर केवढं नाव झालं असतं. पण त्याने ज्युरीनचा प्रयोग स्वतः पुन्हा केला आणि १७९४ मध्ये आपली कल्पना सोडून दिली.

आता शंका अशी, की कान बंद केल्यावर वटवाघूळ ऐकू येत नाही म्हणून धडकतंय, की कानात बोळा टोचतोय म्हणून? ती मिटवायला त्याने पितळेच्या इवल्याशा नळ्या कानांत बसवल्या. नळी उघडी असेल तर वटवाघूळ नीट उडायचं, तीच नळी बुजवली की धडकायचं. टोचणं दोन्ही वेळा सारखंच, बदललं फक्त ऐकणं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला आमच्या अभ्यासक्रमातही भेटलं नव्हतं.

आवाज तर येतच नाही!

म्हणजे सेन्सर सापडला होता, कान. पण तो ऐकतो काय? वटवाघूळ उडताना माणसाला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. याचं उत्तर स्पालानझानीकडे नव्हतं. त्यात जॉर्ज क्युव्हिए या फ्रान्समधल्या वजनदार शास्त्रज्ञाने जाहीर केलं, की हे पंखांच्या स्पर्शाने होतं. त्यासाठी त्याने प्रयोग केले नव्हते, पण शब्दाला मान होता. १७९९ मध्ये स्पालानझानी वारला आणि पुढची शंभराहून जास्त वर्षं बहुतेकांनी स्पर्शाचंच उत्तर खरं मानलं. कानाच्या गोष्टीची तर टिंगलही झाली.

कोडं सुटलं ते १९३८ मध्ये. हार्वर्डमधल्या डोनाल्ड ग्रिफिन या विद्यार्थ्याने आपली वटवाघळं जी. डब्ल्यू. पिअर्स या प्राध्यापकांकडे नेली. कीटकांचे आवाज अभ्यासण्यासाठी पिअर्सनी माणसाला न ऐकू येणारे उंच आवाज ऐकू येण्याजोगे करणारं यंत्र बनवलं होतं. त्यासमोर धरल्यावर गप्प वाटणारी वटवाघळं भलतीच बडबडी निघाली! मग ग्रिफिन आणि रॉबर्ट गॅलाम्बोस यांनी वटवाघळांचं तोंड बंद करून बघितलं, कान बंद करून बघितलं. दोन्ही वेळा ती धडकली. गॅलाम्बोसने आतल्या कानातले विद्युत संकेत मोजून तो कान हे आवाज खरंच टिपतो हेही दाखवलं. १९४४ मध्ये ग्रिफिनने या क्षमतेला इंग्रजीत नाव दिलं, इकोलोकेशन.

आपल्याला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं. फोनचं रेकॉर्डिंग बहुधा ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झने होतं, म्हणजे जास्तीत जास्त २२ ते २४ किलोहर्ट्झचा आवाज त्यात मावतो. बहुतेक किडेखाऊ वटवाघळांच्या हाका त्याच्याही वर असतात. आज त्यासाठी फोनला जोडायचे वेगळे माइक मिळतात.

स्पालानझानीकडे यातलं काहीच नव्हतं. सेन्सर कोणता आणि तो चालतो कसा, हे दोन वेगळे प्रश्न त्याने वेगळेच ठेवले. दुसऱ्याचं उत्तर नाही म्हणून पहिल्याचं उत्तर त्याने बदललं नाही. पुढच्या वेळी एखादा बग कुठे आहे हे कळेल पण का आहे हे कळणार नाही, तेव्हा ‘कुठे’ तेवढं नीट लिहून ठेवा. ‘का’ शोधायला लागणारं यंत्र कदाचित दुसऱ्याच कुणाच्या टेबलावर असेल.