बुद्धगयेचे राखणदार : अनागारिक धर्मपाल

माणसाचं घर एकीकडे असतं आणि जीव दुसरीकडेच रमतो. अनागारिक धर्मपाल यांचं तसंच झालं. १७ सप्टेंबर १८६४ रोजी कोलंबो येथे सधन व्यापारी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मूळ नाव डेव्हिड हेवावितरणे. पुढे घरदार सोडून त्यांनी धम्मकार्यास वाहून घेतले.

२२ जानेवारी १८९१ रोजी ते बुद्धगयेला आले. बोधिवृक्षाखालच्या वज्रासनावर माथा टेकला आणि तिथल्या तिथं ठरवलं, आता ही जागा सोडायची नाही. पण ती पवित्र भूमी होती शैव महंताच्या ताब्यात! त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी कोलंबोत महाबोधी सभा स्थापन केली. १८९५ साली जपानची बुद्धमूर्ती महाविहारात बसवली, ती महंताच्या माणसांनी बाहेर काढली. कोर्टकचेऱ्या झाल्या, पण धर्मपाल हटले नाहीत. १९३१ साली त्यांनी सारनाथला मूलगंधकुटी विहार उभा केला. तिथेच २९ एप्रिल १९३३ रोजी भिक्खू म्हणून त्यांनी देह ठेवला. महाविहार बौद्धांच्या हाती आलेला काही त्यांना दिसला नाही. १९४९ च्या कायद्यानेही समितीत निम्म्याच जागा बौद्धांना दिल्या.

आम्ही गिरणीत राबलेली माणसं. रजा आणि गाडीभाडं जुळवून बुद्धगयेला गेलो, पिंपळाखाली बसलो, मन शांत झालं आणि परत आलो. धर्मपालांचंही मन तिथं शांत झालं असेल, पण ते परत फिरले नाहीत, कामाला लागले. एवढं जरी आम्ही शिकलो तरी यात्रा सार्थकी लागली म्हणायची.

त्यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन!