एकाच आभाळाखालचे गणित

बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बँकेत पीककर्जे पाहत होतो, तेव्हा मनाशी एक हिशेब मांडायचो. एका कपाशीवाल्याचे कर्ज थकण्याची शक्यता दहात एक, दुसऱ्याचीही तेवढीच. मग दोघांचीही थकण्याची शक्यता शंभरात एक! झोप शांत लागायची. एका वर्षी ऑगस्ट कोरडा गेला आणि गावेच्या गावे थकबाकीत गेली. चूक कुठे झाली, ते निवृत्तीनंतर नातीला गणित शिकवताना उमगले. उमगवणारा गृहस्थ अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी वारलेला.

अब्राहम डी मॉयव्हर. त्याचे सूत्र आपल्यापैकी अनेकांनी कॉलेजात घोकले असेल. माणूस मात्र अनोळखीच राहिला. २६ मे १६६७ रोजी फ्रान्समधल्या व्हित्री गावी, प्रोटेस्टंट घरात तो जन्मला. १६८५ साली चौदाव्या लुईने प्रोटेस्टंटांचे धर्मस्वातंत्र्य काढून घेतले, आणि पुढे हा तरुण लंडनला आला. पोटासाठी शिकवण्या धरल्या. न्यूटनचा जाडजूड ग्रंथ निवांत वाचायला सवड कुठली? पाने सुटी करून खिशात ठेवायची आणि एका शिकवणीहून दुसरीकडे जाताना वाचायची. १६९७ साली तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला, न्यूटनचा स्नेह लाभला. पण विद्यापीठातली जागा जन्मभर मिळाली नाही. कॉफीहाउसात बसून लोकांना डावांची नि वर्षासनांची गणिते सोडवून देत त्याने दिवस काढले.

१७१८ साली त्याचा संभाव्यतेवरचा इंग्रजी ग्रंथ निघाला, १७३८ मध्ये वाढवलेली आवृत्ती. त्यात त्याने स्वतंत्र घटनांची खूण सांगितली : एक घडल्याने दुसरीला ना हातभार लागतो, ना अडथळा होतो. अशा घटनांच्या संभाव्यतांचा सरळ गुणाकार करावा. पत्त्यांतून एक्का काढून परत ठेवला, पत्ते पिसले, तर लागोपाठ दोन एक्क्यांची संभाव्यता १/१३ × १/१३, म्हणजे १/१६९. एक्का परत ठेवला नाही, तर उरलेल्या ५१ पानांत एक्के तीनच. मग १/१३ × १/१७, म्हणजे १/२२१. गुणाकार तेव्हाही होतो, पण दुसरा आकडा पहिली घटना घडल्यानंतरचा घ्यायचा.

माझी कर्जे पिसलेले पत्ते नव्हती. पावसाअभावी पहिल्याचे थकले, तर शेजाऱ्याचे थकण्याची शक्यता दहात एक कशी राहील? समजा, ती दहात आठ झाली. तर शंभरात एकाचे आठ होतात. बांध वेगळे, सातबारा वेगळे, पण आभाळ एकच.

डी मॉयव्हरच्या पदरी पडलेले नकारही असेच असावेत. दारे निरनिराळी, पण प्रत्येक दाराशी तो परकाच होता. २७ नोव्हेंबर १७५४ रोजी, ८७ व्या वर्षी, तो लंडनलाच वारला.

नात आता गुणाकार करण्याआधी थांबते. दोन्ही घटनांचे आभाळ एकच तर नाही ना, हे पाहते. मला हे चाळीस वर्षे आधी सुचायला हवे होते.