एकही नुक्ता न वापरता अख्खा ग्रंथ लिहिणारा फैजी, आणि खानदेशातला 'ळ'

'जळगाव' उर्दूत लिहिलं की 'जलगाँव' होतं आणि धुळ्याचं 'धुलिया'. लिहिणाऱ्याची यात काही चूक नाही, उर्दूच्या अक्षरमालेत 'ळ' नाहीच! आपल्याकडचे आवाज अरबी वळणाच्या लिपीत बसवायचे कसे, हा प्रश्न जुना आहे. सव्वाचारशे वर्षांपूर्वी तो एका मोठ्या माणसासमोर आला होता. तो माणूस म्हणजे अकबराच्या दरबारातला कवी फैजी.

फैजीचा जन्म १५४७ सालचा, आग्र्याचा. वडील शेख मुबारक नावाजलेले विद्वान, आणि 'ऐन-ए-अकबरी' लिहिणारा अबुल फजल हा धाकटा भाऊ. १५८८ मध्ये अकबरानं फैजीला राजकवी केलं. पण आपल्या कामाचं साल त्याच्या आदलं, १५८७. त्या वर्षी त्यानं भास्कराचार्यांची 'लीलावती' संस्कृतातून फारसीत आणली. भास्कराचार्य म्हणजे खानदेशाचा अभिमान. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख आहे, आणि भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला तिथे मठ होता.

आता लिपीची गंमत बघा. अरबीत २८ अक्षरं, पण मूळ आकार त्याहून बरेच कमी. फरक करतात ते नुक्ते, म्हणजे टिंबं. होडीसारख्या एकाच आकाराखाली एक नुक्ता दिला की 'ब', वर दोन दिले की 'त'. अरबीत 'प', 'च', 'ग' नाहीत. इराणी लोकांना ते हवे होते, पण त्यांनी नवी लिपी काढली नाही. 'ब'खाली एकाऐवजी तीन नुक्ते दिले, 'प' तयार. 'ज'मध्ये तीन नुक्ते, 'च' तयार. 'क'वर आणखी एक रेघ, 'ग' तयार. जुन्या कोडवर छोटासा पॅच मारावा तसं.

फैजीच्या हातात ही फारसी लिपी होती. 'लीलावती' तिच्यात आरामात बसते. 'भास्कर'साठी 'ब'ला 'ह' जोडला की भागतं. पण 'पाटण' लिहायचं झालं तर? 'ट' नाही, 'ण'ही नाही. तिथे 'त' आणि 'न'वर काम चालवायचं.

प्रस्तावनेत फैजीनं भास्कराचार्यांचं गाव बिदर सांगितलंय, पाटणचं नाव नाही. लग्नघटिकेच्या पाण्यात मोती पडला आणि लीलावतीचा मुहूर्त चुकला, ही आपण सगळ्यांनी ऐकलेली गोष्टही याच प्रस्तावनेतली. मूळ संस्कृतात ती नाही.

चार वर्षांनी, १५९१ मध्ये, फैजी खरोखरच खानदेशात आला. अकबराचा वकील म्हणून तो बुऱ्हाणपूरला राजा अली खान फारुकीकडे आणि पुढे अहमदनगरला बुऱ्हाण निजामशाहाकडे गेला. खानदेशानं अकबराचं वर्चस्व मान्य केलं, निजामशाहानं मात्र दाद दिली नाही. १५९३ मध्ये फैजी परतला.

आणि मग त्यानं एक अचाट प्रकार पुरा केला: 'सवातिउल-इल्हाम', कुराणावरचं अरबी भाष्य, तेही एकही नुक्ता न वापरता! अरबीतली १५ अक्षरं नुक्त्याची. ती सगळी बाद, हातात उरली फक्त १३. 'अल्लाह', 'मुहम्मद', 'रसूल' लिहिता येतं. पण 'कुरआन' या शब्दातच दोन नुक्तेवाली अक्षरं आहेत, त्यामुळे ज्या ग्रंथावर लिहितोय त्याचं नावही लिहायची सोय नाही. 'नबी' नाही, आणि स्वतःचं 'फैजी' हे नावसुद्धा नाही. मला तरी हा निव्वळ हट्ट वाटतो, पण काय हट्ट! नुक्ता काढला तर भाषेचं किती जातं, हे इतक्या नेमकेपणानं क्वचितच कुणी दाखवलं असेल.

शेवटच्या काळात त्यानं नळ-दमयंतीची कथा फारसी काव्यात रचली. नाव 'नल-दमन'. विदर्भाची दमयंती तिथे नुसती 'दमन' झाली. १५९५ मध्ये लाहोरला फैजी वारला. मागे चार हजारांवर पुस्तकं होती, ती बादशाही ग्रंथालयात गेली.

'ट'चा प्रश्न पुढे उर्दूनं सोडवला. आधी कुणी चार नुक्ते देत, मग 'त'च्या आकारावर बारीकसं 'तोय' अक्षर बसवायची पद्धत रूढ झाली. युनिकोडमध्ये आज 'ब' ०६२८ वर आहे आणि 'ट' ०६७९ वर. जळगावच्या सिंधी कॉलनीतल्या आजी-आजोबांची सिंधी लिपी तर याहून पुढची: १८५३ मध्ये ठरलेली, ५२ अक्षरांची, आणि चार नुक्त्यांची अक्षरं तिच्यात अजून आहेत.

राहिला 'ळ'. पाकिस्तानातल्या पंजाबीलाही तो लागतो. म्हणून 'ल'वर बारीक 'तोय' असलेलं अक्षर २०२० मध्ये युनिकोडमध्ये आलं. आता 'जळगाव' त्या लिपीत 'ळ'सकट लिहिता येतं. फक्त तुमच्या फोनच्या फॉन्टमध्ये ते अक्षर नसेल, तर 'ळ'च्या जागी रिकामा चौकोन दिसेल.