कर्तव्याची किंमत : रेव्हरंड नारायण वामन टिळक



लाच घ्यायची नाही, म्हणून संसारात ओढाताण होते. आजारी आईवडिलांसाठी शहरातली नोकरी सोडावी लागते आणि मुले नाराज होतात. सदसद्विवेक एक सांगतो, घरचे सुख दुसरेच मागते. अशा वेळी मला रेव्हरंड टिळक आठवतात. ते आपल्या कॅथॉलिक पंथाचे नव्हते. पण त्यांची भजने पंथभेद विसरून गायली जातात, आणि त्यांच्या अखेरच्या वर्षांचे नाते आपल्या शेजारच्या साताऱ्याशी आहे.

टिळकांचा जन्म १८६१ साली कोकणात करजगाव येथे ब्राह्मण कुटुंबात झाला. १८८० मध्ये त्यांचे लग्न झाले, तेव्हा लक्ष्मीबाई अवघ्या अकरा-बारा वर्षांच्या होत्या. १८९३ साली राजनांदगावला जाताना आगगाडीत एका सहप्रवाशाने त्यांना नवा करार भेट दिला. डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन जिंकले. ख्रिस्त आपल्याला बोलावतो आहे, याविषयी त्यांना शंका उरली नाही. तरीही पाऊल उचलायला सुमारे दोन वर्षे गेली, कारण घरी पत्नी आणि लहानगा दत्तू होता. अखेर फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्या दिवशी टिळकांना मनःशांती लाभली असेल. पण लक्ष्मीबाईंचा संसार मोडला. नवरा जिवंत, पण जातीबाहेर. ना धड सुवासिनी, ना विधवा, अशी त्यांची अवस्था झाली. मुलाला घेऊन त्या नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या, काही काळ पंढरपुरातही होत्या. हा विरह चार-पाच वर्षे चालला.

सेमिनरीत आम्ही कांट हा जर्मन तत्त्ववेत्ता शिकलो. सुखाकडे न पाहता कर्तव्य करावे, अशी त्याची शिकवण. विचार उदात्त आहे. पण माझ्या कर्तव्याची किंमत दुसऱ्याला मोजावी लागली तर काय, हा प्रश्न टिळकांच्या घरात उभा राहिला. त्याला सोपे उत्तर नाही. टिळक मनाविरुद्ध वागले असते, तर घर टिकले असते, पण त्या घरातला माणूस खोटा झाला असता.

मात्र कर्तव्य पार पाडले म्हणजे जबाबदारी संपली, असे त्यांनी मानले नाही. जोडीदार नांदायला तयार नसेल, तर धर्मांतर केलेल्या व्यक्तीला १८६६ च्या कायद्याने न्यायालयातून विवाह मोडून घेता येत असे. टिळकांनी दुसरा संसार थाटला नाही. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याकडे परतल्या, त्या आपले सोवळे आणि आपली चूल वेगळी ठेवूनच. टिळकांनी तेही मान्य केले. हळूहळू जातिभेद माणसानेच केला आहे, हे लक्ष्मीबाईंना स्वतःच्या विचाराने पटले आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. तो त्यांचा स्वतःचा निर्णय होता.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरे राहिले होते. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी, ज्यांना शाळेचे शिक्षण मिळाले नव्हते! जिच्या सुखावर एकेकाळी नांगर फिरला, तिनेच पतीचे काम आपले मानले. आपल्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात त्यांनी ते विरहाचे दिवसही लपवले नाहीत.

प्रियजनहो, कर्तव्य टाळू नका. पण ते करताना किंमत कोण मोजतो आहे, तेही पाहा. त्या माणसाला दोष देऊ नका, घाई करू नका, त्याच्यासाठी दार उघडे ठेवा. या आठवड्यात अशा एका व्यक्तीचे नाव आपल्या प्रार्थनेत घेऊ या, आणि जमल्यास तिच्याजवळ बसून तिचे ऐकून घेऊ या.