पेडण्याचे भाऊ : दयानंद बांदोडकर

गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बाळकृष्ण बांदोडकर यांचा जन्म १२ मार्च १९११ रोजी पेडणे येथे झाला. सारा गोवा त्यांना भाऊ म्हणून ओळखतो. आपल्या मंडळातील बऱ्याच घरांची मुळे पेडणे-डिचोलीत आहेत, म्हणून नव्या पिढीसाठी ही थोडक्यात ओळख.

बारदेस, तिसवाडी आणि साष्टी सोळाव्या शतकातच पोर्तुगिजांकडे गेली. डिचोली व सत्तरी १७८१-८२ च्या सुमारास आणि पेडणे १७८८ मध्ये त्यांच्या ताब्यात आले. म्हणून या तालुक्यांना 'नव्या काबिजादी' म्हणतात. गव्हर्नर लिस्बनहून येई, गावात रेजिदोर असे. कूळ भाटकाराची जमीन कसे, मुंडकार त्याच्याच भाटात घर बांधून राही. राज्यकारभारात या दोघांनाही विचारणारे कोणी नव्हते.

भाऊंनी व्यवसायात कष्टाने जम बसवला आणि पुढे ते खाणमालक झाले. राजकारणात येण्यापूर्वीच दानशूर म्हणून त्यांचे नाव झाले होते.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६२ मध्ये पंचायतींच्या निवडणुका झाल्या आणि डिसेंबर १९६३ मध्ये तीस जागांच्या विधानसभेची. सिंह या निशाणीवर महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला. भाऊ स्वतः उभे राहिले नव्हते. मुख्यमंत्री झाल्यावर ते मडकईच्या पोटनिवडणुकीत निवडून आले.

त्यांच्या काळात खेडोपाडी प्राथमिक शाळा निघाल्या. १९६४ च्या कूळ कायद्याने खंडावर मर्यादा आली आणि कुळाला मनमानी हुसकावण्याला आळा बसला.

गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा, ही त्यांची भूमिका होती. कोकणीप्रेमींना आणि वेगळा गोवा हवा असणाऱ्यांना ती मान्य नव्हती. जनमत कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून भाऊंच्या सरकारने आधी राजीनामा दिला. १६ जानेवारी १९६७ रोजी लोकांनी फूल आणि दोन पाने यांतून निवड केली. विलीनीकरणाला १,३८,१७० आणि केंद्रशासित राहण्याला १,७२,१९१ मते पडली. भाऊ हरले.

पण पुढच्याच मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि त्याच मतदारांनी भाऊंच्या पक्षाला पुन्हा सत्ता दिली. गोवा वेगळा राहावा, पण कारभार भाऊंनी पाहावा, असा हा दुहेरी निकाल होता. भाऊंनी तो मान्य केला आणि त्याच गोव्याचा कारभार पुढे चालवला. चार-पाच वर्षांपूर्वीच प्रथम सार्वत्रिक मतदान करणाऱ्या लोकांची ही समज विशेष म्हटली पाहिजे.

१९७२ मध्ये ते तिसऱ्यांदा निवडून आले. १२ ऑगस्ट १९७३ रोजी पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. कन्या शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. त्यांच्या कारकिर्दीत १९७५ चा मुंडकार कायदा आला आणि १९७६ च्या दुरुस्तीने कूळ कसत्या जमिनीचे मालक मानले गेले.

हे काम कागदावर मात्र अजून अपुरे आहे. अनेक घरांत एक-चौदाच्या उताऱ्यावर आजोबांचे नाव कुळाच्या रकान्यातच राहिले आहे; पुढची मालकीची प्रक्रिया कोणी केलेली नाही. जाणती माणसे आहेत तोवर आपल्या घरचा उतारा काढून पाहावा. भाऊंची समाधी मिरामारला आहे. मुलांना तिथे जरूर न्यावे आणि त्याबरोबर घरच्या उताऱ्याची ही गोष्टही सांगावी.