प्रवाहाकडे तोंड करून बसलेला नावाडी

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचे पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला टेकले, की कोल्हापूरकरांचे लक्ष कामात लागत नाही. ४३ फूट ही धोक्याची पातळी. ती ओलांडली, की २०१९ आणि २०२१ च्या महापुरांची आठवण निघते आणि रबरी होड्यांची जमवाजमव सुरू होते. जुन्या पिढीच्या आठवणीत मात्र होडीबरोबर काईलही असते. गुऱ्हाळात उसाचा रस आटवण्याची ही भली मोठी काईल पाण्यात लोटायची आणि पैलतीर गाठायचा, असा प्रवास नदीकाठच्या माणसांनी केला आहे. काईल तरंगते उत्तम. पण ती गोल. तिला पुढची बाजू नाही की मागची नाही. प्रवाहाने जरा ओढ घेतली, की ती स्वतःभोवती गिरक्या घेऊ लागते आणि आतला माणूस पाण्याच्या मर्जीवर उरतो.

लांबट होडीला दिशा असते. तरीही युरोपातील नेहमीच्या वल्ह्याच्या होडीत एक अडचण होती. वल्हवणारा जायच्या दिशेकडे पाठ करून बसे. संथ, रुंद पात्रात त्याने काही बिघडत नाही. खडकांतून उसळत जाणाऱ्या अरुंद नदीत मात्र पाठमोरा माणूस पुढचा दगड पाहणार केव्हा आणि टाळणार केव्हा? १८६५ च्या उन्हाळ्यात जॉन मॅकग्रेगर या चाळिशीच्या वकिलाने लंडनच्या थेम्स नदीत आपली छोटी होडी सोडली, ती प्रवाहाकडे तोंड करून. कॅनोइंग या आधुनिक खेळाचा आरंभ या प्रवासापासून मानला जातो.

मॅकग्रेगर यांचा पाण्याशी पहिला संबंध आला तो फार भयंकर रीतीने. त्यांचा जन्म २४ जानेवारी १८२५ चा, इंग्लंडमधील ग्रेव्हसेंडचा. वडील मेजर डंकन मॅकग्रेगर ३१ व्या पलटणीत अधिकारी होते. पलटण हिंदुस्थानात निघाली होती. पाच आठवड्यांच्या तान्ह्या मुलासह हे कुटुंब 'केंट' या ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील जहाजावर चढले. बिस्केच्या उपसागरात वादळाने जहाज हेलकावत असताना १ मार्च १८२५ रोजी तळघरात मद्याचे पिंप घरंगळले, पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या हातातला कंदील पडला आणि आग भडकली. जहाजावर सहाशेहून अधिक माणसे आणि पोटात दारूगोळा. आग रोखण्यासाठी समुद्राचे पाणी आत घेतले, तर जहाज बुडण्याची भीती. न घेतले, तर स्फोट अटळ. वाचण्याची आशा उरली नाही असे वाटून मेजरसाहेबांनी एक चिठ्ठी लिहून बाटलीत घातली. तेवढ्यात 'कॅम्ब्रिया' हे छोटे जहाज दृष्टीस पडले. त्यावर मेक्सिकोकडे निघालेले कॉर्नवॉलचे खाणकामगार होते. त्यांनी बळकट हातांनी एकेकाला वर ओढून घेतले आणि पाचशेहून अधिक जीव वाचले. पहिल्या होडीतून गेलेल्यांत ते तान्हे मूलही होते. रात्री 'केंट'चा स्फोट झाला. ती बाटली दीड वर्षाने अटलांटिकच्या दुसऱ्या टोकाला, बार्बाडोसच्या किनाऱ्यावर सापडली. हिंदुस्थानात पोहोचण्याआधीच या मुलाचा तो प्रवास संपला; पण समुद्रातून परत मिळालेले मूल ही त्यांची ओळख घरात कायम राहिली असावी.

पुढे केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गणितात त्यांनी उत्तम यश मिळवले. १८५१ मध्ये ते बॅरिस्टर झाले. पेटंटचा कायदा हा त्यांचा विषय. वकिली मात्र त्यांनी मनापासून केली नाही. वेळ जाई तो लंडनच्या गल्ल्यांतील निराधार मुलांसाठी. फाटक्या कपड्यांच्या मुलांना मोफत शिकवणाऱ्या 'रॅगेड स्कूल' शाळांच्या चळवळीत ते होते. १८५१ च्या जागतिक प्रदर्शनासाठी लंडनमध्ये गर्दी लोटणार, हे ओळखून त्यांनी व सहकाऱ्यांनी बूट पॉलिश करणाऱ्या मुलांचे पथक उभारले. मुलांना लाल गणवेश, ठरलेली जागा आणि कमाईतला काही भाग सक्तीने बचतीत, अशी शिस्त होती. दयेपेक्षा व्यवस्थेवर त्यांचा विश्वास अधिक होता. होडी बांधतानाही हाच स्वभाव दिसतो.

१८५९ मध्ये उत्तर अमेरिकेच्या प्रवासात त्यांनी तेथील मूळ रहिवाशांच्या झाडाच्या सालीच्या होड्या पाहिल्या होत्या. आर्क्टिक प्रदेशातील इन्युइट लोकांची कातड्याने मढवलेली कयाकही त्यांना ठाऊक होती. तेव्हा समोर तोंड करून वल्हवण्याचा शोध मॅकग्रेगर यांचा, असे म्हणणे त्या लोकांवर अन्याय होईल. शेकडो वर्षे ते तसेच वल्हवत आले होते. मॅकग्रेगर यांनी केले ते इतकेच, की ती कल्पना उचलून शहरी माणसाला एकट्याने वापरता येईल, रेल्वेच्या डब्यात टाकून नेता येईल, अशी होडी बेतली. लांबी १५ फूट, रुंदी २८ इंच, खोली अवघी ९ इंच आणि वजन ८० पौंड, म्हणजे साधारण ३६ किलो. तळ ओक लाकडाचा, वरचे आच्छादन देवदाराच्या जातीच्या लाकडाचे. वल्हे सात फुटांचे, दोन्ही टोकांना पाती असलेले. बांबूची छोटी डोलकाठी आणि शीडही होते. तीन महिन्यांचे सामान फूटभर लांब-रुंद आणि सहा इंच जाड अशा एका पिशवीत मावले. होडीचे नाव 'रॉब रॉय', हे मॅकग्रेगर घराण्यातील प्रसिद्ध स्कॉटिश बंडखोराचे नाव.

या प्रत्येक मापामागे कारण होते. खोली कमी, म्हणून होडी जेमतेम तीन इंच पाण्यावरून जाई आणि उथळ खडकाळ पात्रात अडकत नसे. वरून बंद असल्याने लाट अंगावर आली तरी आत पाणी भरत नसे. बसायच्या जागेपुरते उघडे तोंड जलरोधक कापडाने झाकता येई. दोन पात्यांच्या वल्ह्यामुळे बाजू बदलावी लागत नसे, डावा-उजवा फटका सलग बसे. नावाडी तळाशी, जवळजवळ पाण्याच्या पातळीला बसत असल्याने तोल खाली राही. आजच्या कयाकमध्ये लाकडाची जागा प्लास्टिकने घेतली, लांबी खूपच घटली, डोक्यावर शिरस्त्राण आणि अंगात तरंगते जाकीट आले. बैठक, आच्छादन आणि दुपाती वल्हे मात्र तेच राहिले.

म्यूज, ऱ्हाइन, माइन करीत ते डॅन्यूबच्या उगमाशी पोहोचले आणि तेथून प्रवाहाबरोबर निघाले. नदी नसेल तेथे होडी गाडीवर चढे. खरी परीक्षा झाली स्वित्झर्लंडमधील रॉइस नदीवर, ब्रेमगार्टनजवळ. खळाळत्या पाण्याची भाषा येथे कळावी लागते. दोन खडकांमधून पाण्याची गुळगुळीत जीभ खाली गेलेली दिसली, तर ती खोल वाट. पाणी फुगून दुभंगलेले दिसले, तर खाली दगड. दगडामागे प्रवाह उलटा फिरतो, तेथे क्षणभर विसावा मिळतो. होडी दगडावर आदळलीच, तर भीतीने मागे कलणारा उलटतो, दगडाच्या बाजूला झुकणारा तरतो. तालमीतला मल्ल प्रतिस्पर्ध्याचा जोर त्याच्याच अंगावर फिरवतो, तसाच हा डाव. पाण्याशी झुंजायचे नसते, त्याच्या जोरावर वाट काढायची असते. रॉइसच्या त्या घळीत होडीची नाळ लाटेत पूर्ण बुडाली, पाण्याचा लोंढा छातीवर आदळून गळ्यापर्यंत चढला आणि पुढच्या क्षणी 'रॉब रॉय' वर आली. उघडी होडी तेथेच भरून बुडाली असती.

या प्रवासाचे पुस्तक १८६६ मध्ये आले आणि तुफान खपले. त्याच वर्षी लंडनजवळ कॅनो क्लबची स्थापना झाली; पुढे त्याला 'रॉयल' ही उपाधी मिळाली आणि युवराज एडवर्ड त्याचे कमोडोर झाले. 'ट्रेझर आयलंड'चे लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन १८७६ मध्ये याच धर्तीच्या होडीतून बेल्जियम-फ्रान्सच्या कालव्यांत फिरले. मॅकग्रेगर स्वतः १८६६ मध्ये नॉर्वे, स्वीडन व बाल्टिककडे गेले. १८६८-६९ मध्ये त्यांनी आत झोपता येईल अशी होडी बांधून घेतली आणि अद्याप उद्घाटन न झालेल्या सुएझ कालव्यातून पुढे जॉर्डन नदी गाठली. हुला सरोवराच्या दलदलीत स्थानिक अरबांनी त्यांना पकडले. ते होडीतून उतरेनात, तेव्हा होडीसह त्यांनाच खांद्यावर उचलून शेखच्या तंबूत नेण्यात आले. सुटका झाल्यावर त्यांनी त्या दलदलीचा नकाशा करण्याचे काम पुढे चालू ठेवले.

ते काटेकोर आणि कडवे धार्मिक होते. होडीतून धर्मपत्रके वाटत जाण्याची त्यांची सवय आज अनेकांना खटकेल. मात्र पुस्तके आणि व्याख्यानांतून आलेला पैसा त्यांनी गरीब मुलांच्या व इतर सेवाकार्यांकडे वळवला, हेही तितकेच खरे. १८७० मध्ये लंडनच्या शाळा मंडळावर ते ग्रीनिचमधून निवडून आले. १८७३ मध्ये विवाह झाला, दोन मुली झाल्या आणि लांबच्या सफरी थांबल्या.

होडी उलटल्यावर आतच बसून वल्ह्याच्या फटक्याने सरळ होण्याची इन्युइट युक्ती त्यांनी उचलली नाही. युरोपीय वल्हेकऱ्यांत ती रुजायला विसावे शतक उजाडले. ऑस्ट्रियाच्या एडी पावलाटा यांनी १९२७ मध्ये ती साध्य केली. १९७२ मध्ये म्युनिक ऑलिम्पिकमध्ये खळाळत्या पाण्यातील कॅनो स्लॅलमचा प्रथम समावेश झाला, तो आउग्सबुर्गच्या कृत्रिम प्रवाहात. महाराष्ट्रात अशा पाण्याची ओळख प्रामुख्याने कोलाडच्या कुंडलिकेवर होते. तेथे भिरा वीजप्रकल्पातून सोडलेल्या पाण्यावर राफ्टिंग चालते.

अखेरची वर्षे मॅकग्रेगर यांनी आजारपणात काढली. १६ जुलै १८९२ रोजी बोर्नमथजवळच्या बॉस्कम येथे, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ६७ वर्षांचे होते.