जॉन डाल्टन : वाफेचा दाब मोजणारा शाळामास्तर

उन्हाळ्यांत आपल्या कामठ्याकडील तलावांचें पाणी दिवसेंदिवस ओसरत जातें, आंगणांत वाळत घातलेलें धोतर घटकाभरांत सुकतें, आणि उघड्या ताटलींत ठेवलेली कापराची वडी कोणीं हात न लावतां झिजून नाहींशी होते. हें सर्व आपण नित्य पाहतों. परंतु पाणी किंवा कापूर हवेंत जातांना किती जोर करतो, तें मापून पाहण्याची इच्छा फारच थोड्यांस होते. ज्या पुरुषानें हें मापन साध्या साधनांनीं केलें, व त्याच विचारांतून पुढें परमाणुवादाचा पाया घातला, तो एक गरीब शाळामास्तर होता.

जॉन डाल्टन याचा जन्म इ. स. 1766 च्या सप्टेंबरांत इंग्लंडच्या उत्तरेकडील कंबरलँड परगण्यांतील ईगल्सफील्ड या खेड्यांत झाला. बाप विणकर होता. घराणें क्वेकर पंथाचें. साधा पोशाख, सत्य भाषण व उद्योग हे त्या पंथाचे संस्कार जॉनला लहानपणापासून मिळाले. वयाच्या बाराव्या वर्षीं त्यानें गांवांत स्वतःच शाळा काढली. त्याचे कांहीं शिष्य त्याच्यापेक्षां वयानें फारसे लहान नव्हते! पुढें 1781 सालीं तो केंडल येथें भावाबरोबर क्वेकर शाळेंत शिकवूं लागला.

केंडल येथें त्यास जॉन गॉफ नांवाचा गुरु भेटला. गॉफ अंध होता; पण गणित, भाषा व सृष्टिशास्त्र यांत पारंगत होता. त्याच्या सांगण्यावरून डाल्टननें 1787 च्या मार्चांत हवामानाची रोजनिशी लिहिण्यास आरंभ केला. ती त्यानें मरणाच्या आदल्या दिवसापर्यंत, म्हणजे 57 वर्षें चालविली. तींत दोन लाखांहून अधिक नोंदी झाल्या. वैद्यक किंवा कायदा शिकावा असें त्याच्या मनांत आलें होतें, परंतु आप्तांनीं उत्तेजन दिलें नाहीं. शिवाय राजमान्य चर्चच्या बाहेरील लोकांस त्या काळीं ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज येथें पदवी मिळत नसे. अशा रीतीनें दोन्ही दारें बंद झालीं, तरी तो कुढत बसला नाहीं. 1793 मध्यें तो मँचेस्टर येथें आला, आणि कांहीं वर्षें एका विद्यालयांत व नंतर खासगी शिकवण्या करून त्यानें आपला चरितार्थ चालविला.

आतां त्याचा तो प्रसिद्ध प्रयोग पाहूं. एका बाजूनें बंद असलेली कांचेची लांब नळी पाऱ्यानें भरून पाऱ्याच्याच भांड्यांत उपडी धरली, तर नळींत सुमारे 760 मिलिमीटर उंचीचा पारा उभा राहतो व वर पोकळी राहते. त्या पोकळींत द्रवाचे कांहीं थेंब सोडले, कीं त्यांतील थोड्याची वाफ होते व ती पाऱ्यास खालीं ढकलते. पारा जितका खालीं आला, तितका त्या वाफेचा दाब. डाल्टननें नळीभोंवतीं दुसरी रुंद नळी बसवून तींत निरनिराळ्या उष्णतेचें पाणी घातलें, आणि प्रत्येक वेळीं पारा किती उतरतो तें टिपून ठेविलें. पाण्याच्या वाफेचा दाब शून्य अंश सेंटिग्रेडला सुमारे 4.6 मिलिमीटर, 30 अंशांस सुमारे 32, आणि 100 अंशांस 760 भरतो. म्हणजे वाफेचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाबरोबर झाला, कीं पाण्यास उकळी फुटते.

हे निबंध त्यानें 1801 मध्यें मँचेस्टरच्या विद्वत्सभेपुढें वाचले. त्यांत आणखी एक मोठी गोष्ट होती. पोकळींत हवा असली, तरी वाफ आपला दाब तितकाच ठेवते. मिश्रणांतील प्रत्येक वायु जणूं एकटाच आहे असा वागतो, व एकंदर दाब म्हणजे सर्वांच्या दाबांची बेरीज. हाच डाल्टनचा आंशिक दाबाचा नियम होय. वायु असे परस्परांत कां मिसळतात, याचा विचार करीत असतां तो परमाणूंच्या वजनांकडे वळला, आणि 1808 सालीं त्याचा रसायनशास्त्रावरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध होऊं लागला.

त्याचें सर्वच अनुमान बरोबर ठरलें असें नाहीं. उकळबिंदूपासून सारख्या अंशांवर सर्व द्रवांच्या वाफेचा दाब सारखाच असतो, असें त्यास वाटलें होतें. पुढें फ्रान्सच्या रेन्यो या शास्त्रज्ञानें अत्यंत काटेकोर मापनें करून दाखविलें, कीं हें केवळ स्थूलमानानेंच खरें आहे. मोठ्या व गुंतागुंतीच्या रेणूंच्या पदार्थांत तर अडचण फार वाढते. त्यांपैकीं कित्येकांची वाफ इतकी क्षीण असते, कीं पारा केसभरही हलत नाहीं. आणि पदार्थांत चुकून राहिलेला हवेचा किंवा सहज उडणाऱ्या द्रव्याचा अंश मूळ पदार्थापेक्षां अधिक दाब दाखवितो. म्हणून पदार्थ आधीं शुद्ध करावा लागतो. 1909 मध्यें डेन्मार्कच्या क्नुडसेन यानें निराळी युक्ति काढली : बंद डबींतील पदार्थाची वाफ सूक्ष्म छिद्रांतून निर्वात जागेंत जाऊं द्यावी, व डबीचें वजन किती घटलें त्यावरून दाब काढावा. अशा रीतीनें एकानें लाविलेलें रोप दुसऱ्यानें वाढविलें.

डाल्टनला रंग नीट ओळखूं येत नसत. आपल्या या दोषाचाही त्यानें शास्त्रीय अभ्यास केला, आणि 1794 मध्यें त्यावर निबंध वाचला. पुढें राजदरबारीं जातांना त्यानें ऑक्सफर्डच्या सन्मान्य पदवीचा तांबडा झगा घातला. असा भडक रंग क्वेकरांस वर्ज्य. पण त्याच्या दृष्टीस तो भडक दिसतच नव्हता! 1833 सालीं त्यास सरकारी निवृत्तिवेतन मिळालें. तो अविवाहित राहिला, साधेपणानें जगला, आणि 27 जुलै 1844 रोजीं मरण पावला. त्याच्या अंत्यदर्शनास सुमारे 40,000 माणसें लोटलीं.

मुलांनो, ईश्वरानें सृष्टि वजनानें व मापानें रचिली आहे, व तें माप शोधणाऱ्यास धन किंवा मोठी पदवी लागतेच असें नाहीं. श्रावणांत आपल्या गांवीं पाऊस किती पडला, वैशाखांत परातभर पाणी किती दिवसांत आटलें, हें एका वहींत रोज लिहून ठेवण्यास काय खर्च येतो? आईबापांनींही मुलांच्या अशा वहीस खेळ समजूं नये. विणकराच्या मुलाची कीर्ति अशाच एका वहीपासून सुरू झाली.